धाकटीचा झिरा

नाशिकला आमच्या घरापासून गोदावरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इतकी मोठी, इतकी पुण्यवान नदी शेजारी असताना एका ओढ्याएवढ्या नदीसाठी रात्रभर गाडीत बसून आदिलाबादला जाणाऱ्या बाईला काय म्हणावं, हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षं आहे. आमचे हे म्हणतात, तुला गंगा नको, तुला गटार हवं. ज्याचं माहेर नदीकाठी नाही त्याला सांगून कळत नसतं.

त्या नदीला नकाशात काही नाव असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या माळ्यांच्या आळीत तिला धाकटी म्हणत. थोरली म्हणजे पैनगंगा, आणि ही तिला जाऊन मिळणारी म्हणून धाकटी. गावातले तेलुगू लोक नुसतं वागू म्हणत, म्हणजे ओढा. धाकटीच्या काठी आमच्या वडिलांची भाजीची वाडी होती, ती आता भाऊ करतो. भाऊ माझ्याहून मोठा. त्याची मुलगी वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, आणि सव्वा महिना भरत आला होता. म्हणून मला बोलावणं होतं. आत्या आल्याशिवाय झिरा होत नाही.

झिरा म्हणजे काय ते सांगायला हवं. नदीच्या वाळूत हातानं खड्डा उकरायचा. हातभर गेलं की तळातून पाणी झिरपू लागतं. पहिलं पाणी गढूळ, ते उपसून टाकायचं. मग जे येतं ते वाळूतून गाळून आलेलं, काचेसारखं. उन्हाळ्यात आमची आळी तेच पीत असे. घरात मूल जन्मलं की सव्वा महिन्यानं बाळंतिणीला नदीवर न्यायचं, तिच्या आत्यानं झिरा उकरायचा, हळदकुंकू वाहायचं आणि त्यातला एक थेंब बाळाच्या ओठाला लावायचा. तोवर बाळ घरच्यांचं, त्यानंतर नदीचंही. आणि एक नियम, झिरा उकरला की बुजवायचा नाही. मागून कोणी तहानलेलं आलं तर त्याला तयार पाणी मिळावं.

पोचले तो दिवस

गाडीचं सांगत बसत नाही. किनवट गेलं, सागाचं रान सुरू झालं, मध्येच पांढरी झालेली कापसाची शेतं दिसू लागली, आणि माझी मान खिडकीबाहेर गेली ती स्टेशन येईपर्यंत आत आली नाही. समोरच्या बाईनं विचारलं, कोणी घ्यायला येणार आहे का? मी हो म्हटलं. खरं तर कोणी येणार नव्हतं, वाडीवर वांग्याची तोडणी होती.

रिक्षावाल्याला नदीकडे चल म्हणाले तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मी खुणा सांगितल्या, जुना पूल, जांभळाचं झाड, भाजीच्या वाड्या. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "वो नाले के पास बोलो ना अम्मा," तो म्हणाला. वाटेत मी त्याला दोनदा सांगितलं की तो नाला नाही. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली, पण वाईट वाटू नये म्हणून डोलावली हे कळत होतं.

वहिनीनं दारातच भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. चहा झाला. पहिला घोट घेतला आणि मी तोंड वाकडं केलं असावं, कारण भाऊ हसला. वाडीवर आता बोअर आहे, घरीही तेच पाणी. त्याचं पाणी जड, जिभेवर खडूसारखं बसतं. डाळ शिजत नाही, भांड्यांना पांढरे थर चढतात, चहाला एक वेगळीच कळा येते. भाजीला मात्र चालतं. आणि चालायलाच हवं, कारण बाजारात गिऱ्हाईक भाजी उचलण्याआधी विचारतं, कुठल्या पाण्याची? वहिनी तेलुगूत बोरु, बोरु म्हणत राहते. नदीच्या पाण्याची म्हटलं तर कोणी कोथिंबिरीची काडी घेणार नाही. एके काळी आमच्या वडिलांची भाजी धाकटीच्या पाण्याची म्हणून खपत असे.

जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. नाशिकला मी अंबाडी करते, पण तिला हा आंबटपणा येत नाही. मी दोनदा कण्या वाढून घेतल्या. तेवढ्यात लक्षात आलं की बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊ म्हणे, बाळाच्या आईला विचार दूध घेते का. बाळाची आई म्हणे, बाळाच्या आज्याला सांग, घेतलं. दोघांच्या मध्ये वहिनी निरोप्यासारखी.

भांडण झिऱ्याचं होतं. वैष्णवी मला आत घेऊन गेली. बाळ कापडात गुंडाळलेलं, मूठ तोंडाजवळ. वैष्णवी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मी पूजा करीन, नारळ फोडीन, तू म्हणशील तं साडी नेसून चिखलात बशीन. पन त्या पान्याचा थेंब पोरीच्या तोंडाले लावू देनार नाई." मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. बरोबरच होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मग ओट्यावर भाऊ भेटला. तो भांडला नाही. सुपारी कातरत म्हणाला, "या घरात जन्मलेलं हरेक लेकरू त्या पान्यानं सुरू झालं, सुमे. तुह्या पोराच्या ओठालेबी तेच लागलं. वर घान असन, मी नाई म्हनत नाई. पन खाली वाळू हाय ना. वाळू गाळते पानी. एक डाव झिरा करून तं पाहू." आणि लाज सोडून सांगते, मला त्याचंही पटलं. कारण मलासुद्धा ते पाणी हवं होतं. इतक्या वर्षांत नाशिकला तहान लागून जागी झाले की डोळ्यासमोर माठ येत नाही, तो झिरा येतो.

नदीबरोबर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शोधायला निघालो. भावाचं म्हणणं, मी आधी धाकटी नीट बघावी आणि मग निवाडा द्यावा.

गावाबाहेर जिथे ती तळ्याच्या सांडव्यातून निघते तिथे ती अजून तशीच आहे. गुडघ्याएवढं पाणी, तळाचे खडे मोजावेत इतकं स्वच्छ. काठावर पळस, पाण्यात निळे पाणकिडे. मी चपला काढून आत उतरले आणि भावानं बजावूनही पदर भिजवून घेतला. एक गुराखी आमच्याकडे बघून हसत होता. पन्नाशी उलटलेली बाई पाण्यात पाय आपटते हे त्याला नवीन असावं. तिथून मला हलावंसं वाटेना. भाऊ म्हणाला, "इथं सारेच खुश होतात. चाल पुढं."

पुढे वस्ती लागते. पहिल्या वळणावर गाड्या धुण्याचं दुकान, त्याचं साबणाचं पाणी सरळ खाली. नंतर नव्या घरांच्या मोऱ्या एकेक करून येऊन मिळतात. पुलाखाली कोंबडीच्या दुकानांची पिसं, गाद्यांचा कापूस, आणि गणपतीच्या मूर्तींच्या आतले बांबूचे सांगाडे उभेच्या उभे. त्यांना रंगीत पिशव्या अडकलेल्या. आम्ही लहानपणी बाभळीखाली जिथे खेकडे धरायचो तिथे बाभूळ होती, पण खाली पाय ठेवायला जागा नव्हती. नाशिकला घाटावर असं दिसलं की मी नाकाला पदर लावते. इथे लावला नाही. भाऊ सोबत होता, आणि आजारी माणसाला भेटायला गेल्यावर कोणी नाक धरत नाही.

पुलावर एक म्हातारी तेलुगू बाई भाजलेली कणसं विकत होती. भावाची ओळखीची निघाली. तिनं मला ओळखलं नाही, पण माझ्या आईला ओळखलं. हातानं दाखवून सांगितलं, तुझी आई इथं पायऱ्यांवर बसून मेथीच्या जुड्या धुवायची, बतकम्माच्या सणाला फुलं पाण्यात सोडायला आम्ही यायचो तेव्हा बाजूला सरकून जागा द्यायची. मी पायऱ्या शोधू लागले. ती म्हणाली, आहेत, खाली आहेत, पुरल्या गेल्या. मग तिनं मला कणसाचे पैसे देऊ दिले नाहीत. यावर मला रडू आलं. कणीस खातखात रडणं काही शोभत नाही, पण भावानं तोंड दुसरीकडे केलं आणि मी उरकून घेतलं.

गावाच्या खालच्या अंगाला आमची वाडी. तिथे नदी रुंद होते, वाळू पसरते, आणि लांबून बघितलं तर अजून नदीच वाटते. मधून एक करडी धार वाहते. जांभळाजवळच्या वळणावर, धारेपासून बरीच लांब, भावानं वाळूत एक काडी रोवली. उद्या इथे उकरायचं. धारेपासून जितकं लांब तितकी वाळू जास्त गाळते, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी मी निवाडा दिला. झिरा करायचा. पाणी स्वच्छ आलं, वास नसला, तर एक थेंब. गढूळ आलं तर नुसतं हळदकुंकू, आणि भावानं त्यावर एक शब्द बोलायचा नाही. वैष्णवीनं बाळाचं कापड घट्ट केलं. भाऊ बरं म्हणाला. वहिनी चुलीपाशी पाणी उकळत ठेवत होती. ती मूळची बेल्लमपल्लीची, वडील कोळशाच्या खाणीत, लहानपण क्वार्टरमध्ये नळाच्या पाण्यावर गेलं. नदीचं वेड तिला कधी लागलं नाही. तिची दोन्ही मुलं बेल्लमपल्लीलाच झाली, त्यामुळे तिच्या वाट्याला झिरा आलाच नाही. माझ्या मुलाच्या वेळी ती पोटुशी होती, आणि पोटुशी बाई झिऱ्यावर वाकत नाही, म्हणून तिनं तो काठावरूनच पाहिला होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

झिरा

सकाळी लवकर वहिनी वांगी तोडायला म्हणून एकटीच वाडीवर गेली. आम्ही ऊन वर आल्यावर निघालो. वैष्णवी कानाला फडकं बांधून, बाळ माझ्या कुशीत, भाऊ मागून नारळ आणि लोटा घेऊन. पूजेच्या वेळी झिऱ्यापाशी पुरुषानं यायचं नसतं. भाऊ जांभळाखाली थांबला, वहिनी वाडीतून येऊन मिळाली आणि आम्ही तिघी वाळूत उतरलो.

बाळ वैष्णवीकडे देऊन मी बसले, काडी उपटली आणि उकरायला लागले. वाळू फारच सहज निघत होती. इतक्या वर्षांनी हात लावतेय म्हणून वाळू ओळखून जागा देते आहे, असं काहीतरी मनात आलं. मनाला काय, काहीही येतं. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना पान लागलं, पळसाचं, ओलं, ताजं, देठासकट. पानाखाली मडक्याचा काठ.

मी वर पाहिलं. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करण्यात गुंतली होती, आणि ते काही केल्या संपत नव्हतं. तिच्या नखांत वाळू होती. तेव्हा कालची ती चूल आणि तिच्यावरचं पाणी मला आठवलं. बोअरचं पाणी उकळून, गार करून, तिनं आपलं दह्याचं मडकं वाळूत पुरलं होतं. म्हणजे नवऱ्याला नदी मिळेल आणि नातीला काही होणार नाही. एवढं सरळ उत्तर माझ्या निवाड्यात नव्हतं.

"आलं का वं?" भावानं जांभळाखालून विचारलं.

"आलं," मी म्हटलं. मी पान मुठीत चुरगाळून पदराखाली सरकवलं. वैष्णवी वाकून बघत होती. तिला आईचा चेहरा दिसला, माझा दिसला, आणि ती सरळ उभी राहिली.

मग भाऊ तिकडून म्हणाला, पहिलं पाणी काढ. वहिनीनं एकदम माझ्याकडे पाहिलं. पहिलं पाणी उपसून टाकायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. काठावरून तिनं एवढंच पाहिलं होतं की लोट्यातून स्वच्छ पाणी निघालं. मडकं लहान होतं. मी लोटा बुडवला, बाहेर ओतला, पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. भाऊ बघत होता, थांबता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी लोटा मडक्याच्या तळाला घासला. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उरलेलं मी तिरका लोटा करून भरून घेतलं, घोटभर निघालं.

हळदकुंकू झालं, नारळ झाला. वैष्णवी लोट्याकडे बघत थांबली. वहिनी म्हणाली, "लाव बाई. काई होत नाई." वैष्णवीनं बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठाला लावलं. बाळानं ओठ चाटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि जांभई दिली.

यानंतर आत्या एक घोट घेते आणि घरच्या कर्त्याला देते. मी लोटा ओठाला लावला आणि तसाच खाली घेतला. घोट एकच होता. इतक्या लांबून मी ज्या पाण्यासाठी आले ते यात नव्हतं हे माहीत असूनही मला तो घोट हवासा वाटत होता. मी काठावर जाऊन लोटा भावाला दिला. त्यानं डोळे मिटले, पाणी तोंडात बराच वेळ ठेवलं, गिळलं, आणि वहिनीकडे बघत म्हणाला, "गोड हाय. तेच हाय."

घरी येताना बाप आणि लेक बरोबर चालत होते. तिनं त्याच्याकडे बाळ दिलं. दुपारी पुरणपोळी होती, वर शेजारच्या तेलुगू घरातून आलेल्या सकिनालू, तिळाच्या खमंग चकल्या, त्या भावानं बाळाच्या नावानं खाल्ल्या. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. फसवलं आपण याला, असं वाटत राहिलं.

निघताना

परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. सकाळी मडक्याची आठवण झाली. झिरा उघडा ठेवायचा हे खरं, पण आत मडकं राहिलं होतं, आणि भावाच्या दृष्टीला पडायच्या आत ते काढायला हवं होतं. चहाही न घेता मी वाडीवर गेले.

भाऊ झिऱ्यापाशी गुडघ्यावर बसला होता. मडकं धुऊन जांभळाखाली उपडं ठेवलेलं. त्यानं खड्डा आणखी खोल केला होता आणि लोट्यानं पाणी उपसत होता. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "रोज तेच पेतो मी. माह्या बोरचं पानी मले नाई ओळखू येनार? अन् तुह्या लोट्यातून पयलं पानी सांडलं, ते गढूळ नव्हतंच."

मी विचारलं, मग काल का बोलला नाहीस. तो म्हणाला, "तिनं एवढं केलं. गोडच लागलं मले."

मग मीही खाली बसले. आम्ही आळीपाळीनं उपसत राहिलो. पहिलं पाणी काळसर आलं, टाकलं. दुसरं आलं, टाकलं. उपसायचं, थांबायचं, वाळू भिजते तशी कड हळूहळू चमकते, मग तळाला पाणी साचतं. लहानपणी हे बघत आम्ही तासन्‌तास बसत असू. पाणी शेवटी निवळलं. खरंच निवळलं, तळ दिसू लागला. मी ओंजळ भरली आणि तोंडापर्यंत नेली. वरून स्वच्छ असलेल्या त्या पाण्याला मोरीचा वास होता. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ओंजळ सोडून दिली.

तो उठला आणि पायानं वाळू आत लोटू लागला. मी त्याचा हात धरला. आमच्या घरात झिरा बुजवत नाहीत, हे त्यानंच मला शिकवलं होतं, मी परकरात होते तेव्हा.

"निवळ दिसून राह्यलं, सुमे," तो म्हणाला. "कोनी तहानलेलं आलं अन् पेलं तं?"

मी हात सोडला. मग दोघांनी मिळून झिरा बुजवला. त्यानं वरून वाळू तळहातानं सारखी केली, मी काडी उचलली आणि पुढे धारेपर्यंत जाऊन नदीत टाकली. ती करड्या धारेत पडली, थोडी फिरली, आणि थोरलीच्या दिशेनं निघून गेली. मडकं मी वहिनीकडे नेऊन दिलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यात तिनं दही विरजलं.